नवी सायकल लेकीच्या मापाची करू या

पहूर आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरच्या आपल्या बायांच्या गटांसाठी आज आम्ही सायकलीवर बोलणार आहोत. सायकल कुठली घ्यावी यावर थोडं बोलू. ती घरी आणल्यावर कशी कसून, तपासून, लेकीच्या मापाची करून घ्यावी, यावर जास्त बोलू. घरात सायकल असेल तर ती अंगणात उभी करा आणि हात लावत लावत ऐका. लवकर समजेल.

आपल्याकडे शाळेला जाणं म्हणजे रस्त्याचा प्रश्न असतो. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी आपल्या पहूरवरून जायची. २०२० साली टाळेबंदीत ती थांबली. एसटी आपल्या वेळेवर येते, शाळेच्या वेळेवर येतेच असं नाही. काळीपिवळीत दाटीवाटीनं मुलींना बसवायला आईचा जीव होत नाही. मग सातवी झाली की घरात बोलणं सुरू होतं, "आता पुढची शाळा लांब आहे, राहू द्या." अशा वेळी सायकल आली तर हे बोलणं थांबतं. पण सायकल नुसती आली म्हणून भागत नाही. ती चालली पाहिजे, थांबवली की थांबली पाहिजे, आणि मुलीला तिची भीती वाटता कामा नये.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीसाठी मागच्या वर्षी गिअरची नवी सायकल आणली. दुकानात शाळा सुरू होण्याच्या आधीची गर्दी होती, घाईत सायकल जोडून दिली. तिसऱ्या दिवशी उताराला डावं पायडल निघून पडलं. पोरीचा तोल गेला, गुडघे आणि कोपर फुटले. मागून गाडी नव्हती म्हणून तेवढ्यावर निभावलं. नंतर सायकल मिस्तरीनं बघितलं, तर पायडल बसवताना वाकडं शिरवून जोरानं पिळलेलं होतं, आतल्या आट्याच गेल्या होत्या. पायडल नवं आलं, क्रँक नवा आला. पण पोरगी पंधरा दिवस सायकलीवर बसायला तयार नव्हती, आणि घरात आजोबा म्हणू लागले, "झाली तेवढी शाळा पुरे." एका पायडलच्या आट्यांपायी पोरीची शाळा सुटायची वेळ आली होती. त्यानंतर गटानं ठरवलं, की गावात नवी सायकल आली की पहिल्या दिवशी आपण सगळ्या मिळून ती तपासायची.

नवी सायकल म्हणजे तयार सायकल, असं आपण धरून चालतो. खरं तर कारखान्यातून सायकल खोक्यात निम्मी सुटी येते. हँडल आडवं करून बांधलेलं, पुढचं चाक, पायडल, सीट वेगळं. ती दुकानात जोडली जाते. ज्यानं जोडली त्यानं नीट कसली तर चांगलं, घाई केली तर दोष आपल्या घरी येतो. शिवाय नव्या तारा, नवे नट पहिल्या काही दिवसांत थोडे सैल पडतातच. नवी गोधडी एकदा धुतली की तिचा टाका बसतो, तसं सायकलीचंही असतं. म्हणून नवी सायकल दोनदा तपासायची. एकदा घरी आल्या दिवशी आणि एकदा महिन्याभरानं.

आधी पैशांचं बोलू. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात २३ जिल्ह्यांतले १२५ तालुके आहेत. या तालुक्यांत आठवी ते बारावीत शिकणाऱ्या आणि शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ पासून ही रक्कम ५,००० रुपये आहे. पैसे मुलीच्या बँक खात्यात दोन टप्प्यांत येतात, आणि दुसऱ्या टप्प्यासाठी सायकल घेतल्याची पावती लागते. तेव्हा पावती डब्यात नीट ठेवा. आपल्या शाळेला ही योजना लागू आहे का, यादीत मुलीचं नाव आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारा. पालक सभेत चार जणींनी मिळून विचारलं तर उत्तर लवकर मिळतं.

या पैशात साधी लेडीज सायकल येते. गिअरची, जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली डोंगरी सायकल, जिला पोरं रेंजर म्हणतात, ती सहसा एवढ्यात बसत नाही. वरचे पैसे आपले जातात. म्हणून आधी विचार करा. रोजचा रस्ता डांबरी किंवा सिमेंटचा असेल, तर साधी सायकल हलकी चालते. तिला चेनकव्हर असतं, मडगार्ड असतं, कॅरिअर असतं, आणि ओढणी-सलवार अडकत नाही. वाट शेतातून, खडीतून, चढउताराची असेल तर गिअरची सायकल कामाला येते. मात्र मागे आणि पुढे दोन्हीकडे शॉकअप असलेली स्वस्तातली सायकल टाळा. ती जड असते, आणि पायडल मारताना आपला अर्धा जोर मागची स्प्रिंगच खाते. पुढचा एक शॉकअप पुष्कळ झाला.

ही डोंगरी सायकल आली कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅरिन भागात १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली येण्याच्या शर्यती लावायचे. उतार एवढा असायचा की मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली आलं की हब खोलून ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं, म्हणजे पुन्हा भरणं. त्या पोरांनी घरच्या घरी खोलून, जोडून, बदल करून ही सायकल घडवली. ती जन्मापासूनच चालवणाऱ्यानं स्वतः कसायची सायकल आहे.

आता कामाला लागू. हत्यारं थोडीच लागतात. ४, ५ आणि ६ नंबरच्या एलन की, म्हणजे त्या काटकोनात वाकवलेल्या सहाकोनी चाव्या. १५ नंबरचा एक पाना, एक पेचकस, हवेचा पंप, चेनला घालायचं तेल, थोडं ग्रीस आणि जुनं फडकं. एका घराला हे सगळं घेणं जड वाटेल, पण बचत गटानं एक पेटी केली तर सगळ्या आळीला पुरते. आम्ही तेच केलं. पेटी एकीकडे राहते, नेणारीचं नाव वहीत लिहितो.

पहिलं बघायचं पुढचा चिमटा, म्हणजे ज्यात पुढचं चाक बसतं तो भाग. घाईत जोडलेल्या सायकलीत कधी कधी चिमटा उलटा फिरलेला असतो आणि हँडल मात्र सरळ दिसतं. ओळखायचं कसं? ब्रेकची रबरं चिमट्याच्या पुढच्या बाजूला हवीत. ती मागे, आपल्याकडे दिसली आणि चाक पायडलच्या फार जवळ आलं, तर चिमटा उलटा आहे. अशी सायकल चालवायचीच नाही, दुकानात परत न्यायची.

मग हँडल. सायकलीपुढे तोंड करून उभं राहा, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि हँडल दोन्ही हातांनी डावीउजवीकडे फिरवून बघा. चाक न हलता हँडल फिरलं तर ते सैल आहे. चाकाच्या रेषेत काटकोनात आणा आणि वरचा बोल्ट कसा. काही सायकलींत हँडलची नळी वर-खाली करता येते. तिच्यावर एक आडवी खूण कोरलेली असते. ती खूण बाहेर दिसता कामा नये. उंची मिळावी म्हणून नळी फार वर ओढली, तर ती एखाद्या दिवशी मोडते. सीटच्या नळीलाही तशीच खूण असते, तिलाही हाच नियम.

आता पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढेमागे हलवा. हँडलच्या बुडाशी 'टक टक' हाताला लागलं, तर तिथल्या गोळ्यांची वाटी सैल आहे. हे काम मिस्तरीकडे द्या, पण काय झालंय ते त्याला आपण सांगा. दुखणं ओळखून गेलं की उगाच भलतीच दुरुस्ती गळ्यात पडत नाही.

चाकांकडे या. दोन्ही चाकांचे नट पान्यानं कसून बघा. काही डोंगरी सायकलींच्या चाकाला नट नसतो, एक छोटा दांडा असतो. तो नटासारखा गोल गोल फिरवून घट्ट करायचा नसतो. पलीकडचा नट बोटानं धरून, दांडा तळहातानं दाबून मिटवायचा असतो. मिटवताना अर्ध्या वाटेपासून जोर लागला पाहिजे आणि तळहातावर त्याचा वळ उमटला पाहिजे. सहज मिटला तर सैल आहे. मग सायकल उचलून चाक फिरवा. चाक डुगडुगत असेल, एका जागी ब्रेकला घासत असेल, तर तारा कमीजास्त ताणलेल्या आहेत. तारा ओढणं हे मिस्तरीचं कसब आहे, तिथे आपण हात घालू नये.

पायडल. मघाची गोष्ट आठवते ना? पायडलवर आर आणि एल अशी इंग्रजी अक्षरं असतात. आर उजवं, एल डावं. उजव्याच्या आट्या नेहमीसारख्या, आणि डाव्याच्या उलट्या असतात. चालवताना डावं पायडल आपोआप सुटू नये म्हणून तशा केल्या आहेत. लक्षात ठेवायला सोपं आहे. कुठल्याही बाजूनं उभ्या राहा, पाना सायकलीच्या पुढच्या चाकाकडे फिरवला की पायडल घट्ट होतं. बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन फेरे नुसत्या बोटांनी द्या. बोटांनी फिरलं नाही, तर ते वाकडं शिरतंय. काढा आणि परत लावा. पाना शेवटी घ्यायचा.

आता सीट. नवशिक्या मुलीसाठी सीट एवढं खाली ठेवा की बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. भीती गेली, तोल आला, की आठवड्याला बोटभर वर घ्या. मग खरं माप असं काढा. मुलीला सीटवर बसवा, कुणीतरी सायकल धरा, पायडल अगदी खाली आणा. टाच पायडलवर ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघ्यात थोडासा बाक राहतो. तेवढा हवाच. सीट फार खाली राहिलं की गुडघ्याची वाटी पुढून दुखते आणि जोर लागत नाही. फार वर गेलं की कंबर डावीउजवीकडे हलते. बऱ्याच घरांत "पोरगी वाढेल" म्हणून मोठी सायकल आणतात आणि सीट आहे तिथेच राहू देतात. गणवेश एक माप मोठा घेतला तर चालतो, बाह्या दुमडता येतात. सायकल दुमडता येत नाही. सायकल घेताना मुलीला मधल्या दांडीवरून दोन्ही पाय टेकवून उभं करा. दांडी आणि शरीर यांत चार बोटं तरी मोकळी हवीत.

सीट पुढेमागेही सरकतं. दोन्ही पायडल एका पातळीत आणा, आणि पुढच्या गुडघ्यापासून दोऱ्याला खडा बांधून सोडा, गवंडी ओळंबा सोडतो तसा. खडा पायडलच्या मधोमध आला की सीट जागेवर आहे.

एक गोष्ट मुली सांगत नाहीत, ती आपण विचारायची. सीटचं टोक वर उचललेलं असेल तर नाजूक जागी टोचतं, आग होते. मुलगी लाजते आणि "मला सायकल नको" एवढंच म्हणते. सीट सपाट करा, हवं तर टोक किंचित खाली करा. सायकल चालवल्यानं मुलीच्या शरीराला काही होतं, पुढे मूल होण्यात अडचण येते, असं अजून कुणी कुणी बोलतं. त्यात काही तथ्य नाही. पाळीतही तिला बरं वाटत असेल तर खुशाल चालवावी. पोट दुखत असेल तर बसू नये, एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक आणि डाव्या हाताला मागचा असतो. पण धरून चालू नका, दाबून बघा. मुलीला दोन्ही सांगा. जोरात असताना नुसता पुढचा ब्रेक आवळला की मागचं चाक उचलतं आणि मुलगी हँडलवरून पुढे जाते. दोन्ही एकदम, हळूहळू दाबायचे, आणि दाबताना बूड थोडं मागे सरकवायचं.

ब्रेकची रबरं रिमला टेकली पाहिजेत, टायरला नाही. टायरला घासली तर टायर फाटतो. रिमच्या खाली गेली तर तारांत अडकतात. रबर आणि रिम यांत दोन्ही बाजूंना सारखी, एक-दोन मिलिमीटर फट हवी. ब्रेकचा दांडा पूर्ण आवळल्यावर हँडलला टेकत असेल तर तार सैल आहे. दांड्याजवळ तार जिथून निघते, तिथे एक गोल खाचांची चावी असते. ती उलट्या दिशेनं, म्हणजे बाहेर येईल अशी फिरवली की तार ताणली जाते. शिलाई मशीनवर धाग्याचा ताण आपण कसा अर्धा फेरा देऊन, टाका बघून लावतो, तसंच आहे. ज्या बाईला मशीनचा ताण लावता येतो, तिला ब्रेक लावता येतो.

लहान हातांच्या मुलींची बोटं दांड्यापर्यंत पोचत नाहीत. मग ती ब्रेक लावायच्या ऐवजी पाय घासत थांबते. चपला झिजलेल्या दिसल्या तर आईनं ब्रेक बघावा. बऱ्याच दांड्यांवर, हँडलच्या बाजूला, एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडा हँडलच्या जवळ येतो. दोन बोटं त्यावर आरामात बसली पाहिजेत. नंतर तारेचा ताण पुन्हा तपासा.

काही सायकलींना मोटारसायकलीसारखी डिस्क असते. तिला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका, चेनला तेल घालताना खाली उडालं तरी ब्रेक धरत नाही. उतारावरून आल्यावर डिस्कला हात लावू नका, भाजतं. नव्या डिस्कचा ब्रेक पहिल्या दिवशी कमी धरतो. मोकळ्या जागी थोड्या वेगानं जाऊन पंधरा-वीस वेळा ब्रेक दाबला की तो धरायला लागतो. मगच रस्त्यावर जायचं.

आता गिअर. पुढे पायडलपाशी दात्यांची मोठी-लहान चाकं असतात, मागेही असतात. पुढचं लहान आणि मागचं मोठं म्हणजे चढासाठी हलकं. पुढचं मोठं आणि मागचं लहान म्हणजे सपाटीला जोरात. पुढचं मोठं आणि मागचंही मोठं असं एकदम लावू नका, चेन तिरकी ओढली जाते आणि लवकर झिजते. गिअर बदलताना पायडल चालू हवं, पण जोर कमी हवा. उभ्या सायकलीत गिअर बदलला की चेन अडकते. चढ समोर दिसला की चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाकायचा.

गिअर टाकल्यावर चेन कडकड वाजते, मोठ्या चाकावर चढायला आळस करते, तर तार सैल झालेली आहे. मागच्या यंत्राजवळची गोल चावी अर्धा फेरा बाहेर फिरवा, पायडल फिरवून बघा, लागलं तर आणखी अर्धा फेरा. उलट, चेन लहान चाकावर उतरत नसेल तर चावी आत फिरवा. तिथेच एच आणि एल असे दोन छोटे स्क्रू दिसतात. त्यांना हात लावू नका. चेन कुठपर्यंत जाईल याची हद्द ते ठरवतात. हद्द चुकली तर चेन तारांत शिरून चाक जागच्या जागी अडकतं. चेन आतल्या बाजूला पडत असेल तर सगळ्यात मोठं चाक वापरणं थांबवा आणि मिस्तरीकडे जा.

हवा. टायरच्या बाजूला किती हवा भरायची तो आकडा लिहिलेला असतो, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. पोरीला वाचायला सांगा. पेट्रोल पंपावर भरायची असेल तर थोडी थोडी भरा. सायकलीची ट्यूब छोटी असते, क्षणात फुगते आणि फुटते. हवा कमी असली की सायकल जड चालते, खड्ड्यात रिम वाकते आणि ट्यूब चावली जाऊन पंक्चर होते. आपल्या शेतवाटांवर बाभळीचे आणि बोरीचे काटे आहेतच. शाळेतून आल्यावर टायरवरून नजर फिरवायची आणि रुतलेला काटा लगेच काढायचा.

पावसाळ्यात आपली काळी माती चाकाला चिकटते, मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरेनासं होतं. अशा वेळी जोर लावून पायडल मारू नये. उतरून काडीनं माती काढावी. घरी बादलीभर पाण्यानं धुवून, फडक्यानं पुसून, चेनला तेल द्यावं. तेल प्रत्येक कडीवर थेंब थेंब द्यायचं, पायडल मागे फिरवायचं आणि वरचं तेल पुसून काढायचं. फार तेलावर धूळ बसते आणि तीच चेन खाते.

महिन्याभरानं पुन्हा सगळं बघा. दोन्ही पायडलचे क्रँक ज्या बोल्टनं मधे बसवलेले असतात, ते हमखास सैल होतात. साध्या सायकलीत तिथे कॉटर पिन असते, तीही सैल होते. पायडल मारताना दर फेऱ्याला 'कट' आवाज आला, तर त्याच दिवशी कसून घ्या. सैल क्रँक आठ दिवस चालवला तर त्याचं भोक मोठं होतं आणि मग कितीही कसा, तो राहत नाही. खरेदीच्या वेळी दुकानदाराला विचारा, पहिली सर्व्हिसिंग फुकट आहे का. असेल तर पावतीवर लिहून घ्या.

आणि रोज सकाळी, दप्तर कॅरिअरला बांधायच्या आधी, चार गोष्टी: हवा दाबून बघ, दोन्ही ब्रेक दाबून बघ, चेन बघ, चाकाचे नट किंवा दांडा बघ. देवाला हात जोडायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच लागतो. हे मुलीनं स्वतः करायचं. दप्तर हँडलला लटकवायचं नाही, तोल जातो. ओढणी मागे गाठ मारून, सलवारीचा उजवा पायचा रबरानं बांधून. मागे लाल रिफ्लेक्टर आणि घंटी हवीच. जळगाव-संभाजीनगर महामार्ग आपल्या गावातूनच जातो. त्यावर ट्रक-ट्रॅव्हल्स किती वेगानं जातात, हे आपण रोज बघतो. मुलींनी डाव्या कडेनं, एकीमागे एक, आणि शक्य तिथे आतल्या रस्त्यानं जावं. रस्ता ओलांडताना उतरून, सायकल हातात धरून ओलांडावी. हेल्मेट घेता आलं तर घ्यावं.

आता घरातलं बोलू. सायकल मुलीच्या नावावर येते, आणि चार दिवसांनी भाऊ तिच्यावर दुधाची बरणी घेऊन जातो. सीट त्याच्या मापानं वर होतं, ब्रेक झिजतो, आणि शाळेच्या वेळेला सायकल घरी नसते. भावाशी भांडण करायचं नाही, पण शाळेच्या वेळेत सायकल तिचीच, आणि सीट हलवलं तर परत जागेवर आणायचं, हे घरात ठरवून टाका. सीटच्या नळीवर तिच्या मापाला रंगीत चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. पट्टी बघून कुणालाही सीट जागेवर आणता येतं.

सायकलीनं बायांचं काय होतं, हे आपल्या देशात बघायला मिळालं आहे. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या सुरुवातीला साक्षरतेची मोहीम चालली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तिच्यात सायकल शिकणं जोडलं. खाणीत काम करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, अंगणवाडी चालवणाऱ्या हजारो बाया सायकल शिकल्या. लेडीज सायकली मिळेनात, तेव्हा त्यांनी गड्यांच्या सायकली घेतल्या, आणि पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं म्हणून काहींना त्याच जास्त आवडल्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देऊ लागले. अभ्यासकांनी तिथे मोजून बघितलं, तर माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली होती. आणि ज्या गावांना शाळा ३ किलोमीटर किंवा त्याहून लांब होती, तिथे सायकलीचा उपयोग जास्त झाला. आपल्या वाड्या-तांड्यांची गोष्ट वेगळी नाही.

एका मावशींनी मागे आम्हाला विचारलं होतं, "हे सगळं गडीमाणसांचं काम, आपण कशाला हात काळे करायचे?" मावशी, हात तर आपले रोजच काळे होतात. चुलीनं होतात, कपाशीच्या बोंडांनी फाटतात. एलन कीनं थोडे काळे झाले तर साबणानं निघतात. मिस्तरीचं पोट मारायचं नाही. तारा ओढणं, गोळ्या बदलणं त्याच्याकडेच जायला हवं. पण ब्रेक धरतोय का, पायडल बसलंय का, सीट मापाचं आहे का, हे घरातल्या बाईला कळलं पाहिजे. कारण सकाळी साडेसहाला लेक निघते तेव्हा मिस्तरीचं दुकान बंद असतं.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत तीन कामं करा. आपल्या गावात किती मुलींकडे सायकली आहेत आणि त्यातल्या किती नुसत्या भिंतीला टेकून पडल्या आहेत, हे मोजा. हत्यारांच्या पेटीसाठी वर्गणी काढा. आणि एका रविवारी सगळ्या सायकली शाळेच्या पटांगणात बोलवा, मुलींनाच पाना हातात द्या, आपण शेजारी उभ्या राहा. एखाद्या मिस्तरीदादांना चहाला बोलावून घ्या, ते दोन गोष्टी जास्तीच्या सांगतील. पडून राहिलेली सायकल बहुतेक वेळा पंक्चर, सैल ब्रेक किंवा चुकीचं सीट एवढ्यासाठीच पडलेली असते. ती त्याच दिवशी घरी चालवत नेता येते.

तुमच्या गावात काय काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा.